दोन जीबीच्या दोन पट्ट्या

आमच्या घरातला कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. हा आकडा मला पाठ होता, कारण त्या अकरा मिनिटांत माझी सकाळची निम्मी कामं बसवलेली होती. बटण दाबायचं, ह्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायचं, उजवा हात उशीवर ठेवायचा, डाव्या हाताशी माउस सरकवायचा आणि पोळ्या लाटायला आत जायचं. शेवटची पोळी तव्यावरून उतरायची तेव्हा पडद्यावर कुठे चित्रं दिसायला लागलेली असायची. हे तोवर नुसते बघत बसायचे. मी डबा भरायचे, ह्यांच्या गोळ्या वाटीत काढायचे आणि एसटी गाठायला निघायचे. माझी शाळा शहाद्याच्या रस्त्यावर आहे. मी मराठी शिकवते.

ह्यांचं सारंगखेड्यात स्टँडजवळ दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, साखरपुड्याची कार्डं, कुणी गेल्यावर वाटायच्या गंधमुक्तीच्या चिठ्ठ्या. छपाई शहाद्याला व्हायची, पण पान मांडायचं, अक्षर निवडायचं, नावांचा क्रम लावायचा, हे सगळं इथे ह्यांच्या हाताखाली व्हायचं. आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत कुणाच्या घरी मोठा जावई कोण आणि कुणाचं नाव वर घातलं की कोण रुसतं, हे ह्यांना ठाऊक असायचं. लोक कागदावर काहीही लिहून आणायचे, हे ते नीट लावून द्यायचे. यात्रेच्या महिन्यात तर जेवायलाही घरी यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बोलणं नंतर थोडं परत आलं, पण एक गंमत झाली. गंमत म्हणायची सवय म्हणून म्हणते. गिऱ्हाईकाशी हे नेहमी स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलायचे, शहाद्याच्या प्रेसवाल्याशी हिंदीत. ते सगळं पुसलं गेलं. उरली ती फक्त घरातली अहिराणी, तीही दोन-दोन, चार-चार शब्दांची. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी.

दुकानाची जागा सोडली. कपाट विकलं. कॉम्प्युटर मात्र घरी आणला, कारण ह्यांनी डाव्या हातानं त्याची वायर घट्ट धरून ठेवली होती आणि सोडेनात. तो पुढच्या खोलीत खिडकीखाली ठेवला. जुना, करड्या रंगाचा, टेबलाखालच्या खोक्याला एका बाजूनं पोचा आलेला. सुरतेला नोकरी करणारी आमची मुलगी म्हणाली, मी लॅपटॉप पाठवते. तिनं पाठवलाही. पण ह्यांचे सगळे जुने फाँट, म्हणजे अक्षरांचे साचे, आणि पान मांडायचं सॉफ्टवेअर त्या नव्या यंत्रात चालेना. मराठीच्या जागी चौकोन आणि टिंबं दिसायची. मुलगी म्हणाली, आता नवे फाँट घ्या, हे कोण वापरतं. ह्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्यावर आता मी शाळेचे निकाल भरते.

तर दिवसभर हे त्या जुन्या यंत्रासमोर बसायचे. काम म्हणावं असं नव्हतंच. जुनी पत्रिका उघडायची, एखादं नाव बदलून बघायचं, वेलबुट्टी इकडची तिकडे करायची. एक फोटो हलवला की यंत्र दोन मिनिटं गप्प. वाळूचं घड्याळ फिरत राहायचं. हे थांबायचे. मी संध्याकाळी घरी आले की बोट दाखवून सांगायचे, "भलतं धीमं." मी हो म्हणायचे आणि चहा टाकायचे. खरं सांगायचं तर ते धीमं असल्यानं माझं बरं चाललं होतं. दिवस त्यात निघून जायचा.

मग दिवाळीनंतर नदीकाठच्या एका गावातले एक वयस्कर बाबा आले. केळीची बाग असलेलं मोठं घर, मूळचे गुजरातेतले, पण इथे त्यांच्या किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका ह्यांनीच केलेल्या. अर्धी मराठी, अर्धी गुजराती, मध्ये गणपती, खाली केळीच्या पानांची नक्षी. आता नातीचं लग्न होतं. बाबांनी पिशवीतून मुलाच्या लग्नाची पत्रिका काढली आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, अशीच पाहिजे. हेच अक्षर पाहिजे. शहाद्याला विचारलं, तिथे म्हणतात हे अक्षर आता मिळत नाही.

मी मध्ये पडून सांगायला लागले, की बाबा, ह्यांच्यानं आता होत नाही. पण ह्यांनी डावा हात वर केला. मला गप्प करायला केला होता. मग ते बाबांना म्हणाले, "करस." करतो.

बाबा गेल्यावर हे माझ्याकडे वळले आणि एक शब्द बोलले. मला तो तीनदा विचारावा लागला. रॅम.

रॅम म्हणजे काय ते मला ढोबळ माहीत होतं. शाळेत कॉम्प्युटरचे सर म्हणतात तसं, काम करताना यंत्राला लागणारी जागा. टेबल जितकं मोठं तितके कागद एका वेळी पसरता येतात. ह्यांच्या यंत्रात अर्ध्या-अर्ध्या जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, आणि त्यावर हे फोटो, नक्षी, दोन भाषांचे फाँट एकदम उघडणार होते. ते होणं शक्य नव्हतं. ह्यांनी कागदावर डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहून दिलं: डीडीआर २, दोन जीबी, दोन.

शनिवारी अर्धी शाळा करून शहाद्याला गेले. तीन दुकानं फिरले. पहिल्यानं कागद बघून हसून परत दिला. दुसऱ्यानं सांगितलं, मॅडम, हे आता कुणी ठेवत नाही, नवीन घ्या. तिसऱ्यानं ऐकूनच घेतलं नाही, त्याच्याकडे मोबाईलची गर्दी होती. पुढच्या आठवड्यात शाळेच्या कामानं नंदुरबारला जायचं होतं. तिथलं काम आटोपेपर्यंत चार वाजले. पाय भरून आले होते, एसटीची वेळ झाली होती, आणि मनात आलं की घरी जाऊन सांगावं, मिळाली नाही. कुणी विचारणार नव्हतं. तरी रिक्षावाल्याला विचारत विचारत स्टेशनकडच्या एका दुरुस्तीवाल्याच्या जिन्यापर्यंत गेले.

तो पन्नाशीचा माणूस होता, चष्मा कपाळावर. त्यानं टेबलाखालून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढला. जुन्या यंत्रांतून काढलेल्या हिरव्या पट्ट्या त्यात उभ्या लावलेल्या होत्या. एकेक उचलून उजेडात धरत त्यानं दोन बाजूला काढल्या, स्वतःच्या यंत्रात लावून मला दाखवल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. बसवायला यंत्र आणता का, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, तेवढा खोका एसटीत चढवून आणायची ताकद नाही. मग त्यानं समजावलं: वायर आधी काढा, हात लोखंडाला लावून मग पट्टीला लावा, सोनेरी दातांना बोट लावू नका. पट्टीला खाच असते, ती खालच्या उंचवट्यावरच बसली पाहिजे. आणि जाताना म्हणाला, बोर्ड जुना आहे, किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही. मी मान हलवली. असं मला दवाखान्यातही सांगितलं गेलं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही ते काम काढलं. मी वायर काढल्या आणि कोणती कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीला कागद चिकटवला. खोका ओढून दिवाणावर आडवा केला. ह्यांना शेजारी खुर्चीत बसवलं. बाजूच्या पत्र्याचा एक स्क्रू निघाला, दुसरा झिजलेला होता, तो सुरीनं फिरवून काढावा लागला. पत्रा उघडला तर आत धुळीचा थर, कापसासारखा, आणि एका कोपऱ्यात पालीची दोन रिकामी अंडी. शाळेतून आणलेल्या रंगाच्या ब्रशनं ती सगळी धूळ काढली. पाठ दुखायला लागली होती. सकाळपासून धुणं, ह्यांची अंघोळ, आठवडाभराचं दळण झालं होतं.

हे बोटानं दाखवत होते. "तठे." तिथे. जुन्या पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही टोकांना पांढऱ्या कड्या. त्या बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप वर येते. पहिली आली. दुसरी आली. मला वाटलं, एवढंच तर आहे.

नवी पट्टी घातली तेव्हा कळलं की एवढंच नाही. ती अर्धी आत जायची आणि थांबायची. कडी लागायची नाही. जोर द्यावा तर खालचा हिरवा बोर्ड वाकायचा आणि माझा जीव घाबरायचा. हे म्हणायचे, "जोर लाव." मी म्हणायचे, तुटेल. हे म्हणायचे, "तुटत नही." शेवटी दोन्ही कशातरी बसल्या असं वाटलं. खोका तसाच उघडा ठेवून वायर लावली, बटण दाबलं.

पडदा काळा. आतून लांब शिटीसारखा आवाज. एक, दोन, तीन. थांबून पुन्हा तीन.

मी बंद केलं, काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा तोच आवाज. हे काहीतरी सांगत होते, भराभर, आणि भराभर बोलले की ह्यांचे शब्द एकमेकांत अडकतात. "उल", "नही", "रबर", असं काहीसं. मी पट्टी उलटी केली. ते मानेनं नाही नाही म्हणाले. मी सरळ केली. पुन्हा नाही नाही. तिसऱ्यांदा आवाज आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नीट सांगा ना! मी रोज किती अंदाजानं समजून घेऊ?"

आणि तेही शाळेतल्या मराठीत. वर्गात पाठांतर न केलेल्या मुलाला बोलावं तशा आवाजात.

दोन वर्षांत मी असं बोलले नव्हते. रात्री उठले, चादरी बदलल्या, माहेरची दोन लग्नं सोडली, पण ह्यांच्या बोलण्यावरून कधी बोलले नव्हते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डोळे खोक्यावरच होते. मी दिवाणाच्या कडेवर बसून राहिले, हात धुळीनं काळे. बाहेर ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता. मला माफी मागायची होती, पण तेवढंही उठून करायचा कंटाळा आला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

मग ह्यांनी डावा हात पुढे केला. मी पट्टी दिली. त्यांनी ती छातीवर आडवी धरली आणि टेबलाकडे बोट केलं. तिथे माझी शाळेची पिशवी होती. मला उमगलं. पिशवीतून खोडरबर काढून दिला. एका हातानं धरायचं आणि घासायचं जमेना, म्हणून मी पट्टीच्या कडा धरल्या आणि ह्यांनी तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी. काळी मळी शर्टावर पडत होती. मग दुसरी पट्टी. आमची डोकी इतकी जवळ आली होती की त्यांचा श्वास मला लागत होता. त्या कामाला दहा मिनिटं लागली असतील. नंतर त्यांनी माझा उजवा अंगठा धरून पट्टीच्या एका टोकावर ठेवला, डावा अंगठा दुसऱ्या टोकावर, आणि माझ्या हातावर आपला हात ठेवून दाबलं.

टक असा आवाज आला. कडी आपली आपण उभी राहिली.

"आते बठनी," हे म्हणाले.

दुसरीही बसली. बटण दाबलं तेव्हा आतून एकच बारीक टिक आली आणि पडदा उजळला. मी घड्याळाकडे बघितलं. दीड मिनिट. पडद्यावर यंत्राची माहिती उघडून बघितली तर चार जीबीऐवजी सव्वातीनच दिसत होते. मला वाटलं नंदुरबारच्या माणसानं फसवलं. हे म्हणाले, "तितलंच दखाडस." जुन्या यंत्राला त्यापुढचं दिसतच नाही, असं नंतर शाळेतल्या सरांनी मला समजावलं. त्या दुपारी मात्र ह्यांच्या तोंडावर जे होतं ते मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी चहा केला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

सोमवारी सकाळी बटण दाबलं आणि ह्यांना खुर्चीत बसवेपर्यंत यंत्र तयार होतं. मी खूश होऊन शाळेला गेले. संध्याकाळी आले तर पत्रिकेच्या पानावर दोन ओळी होत्या. मंगळवारी तीन. बुधवारी मला लवकर सुटी मिळाली, म्हणून मी तीनलाच घरी आले. हे पाठमोरे होते. पडद्यावर त्याच तीन ओळी, आणि त्यांच्याखाली कोऱ्या जागेत एक उभी रेघ लुकलुकत होती. हे डावा हात उचलायचे, कळफलकावर फिरवायचे, अक्षर सापडायचं नाही, हात परत मांडीवर. दुकानात ह्यांची दहाही बोटं न बघता चालायची. त्या बोटांना अक्षरांच्या जागा माहीत होत्या, ह्यांना नव्हत्या. आणि निम्म्या जागा उजव्या हातात अडकून राहिल्या होत्या.

मी पिशवी ठेवली. ह्यांनी वळून पाहिलं नाही. म्हणाले, "पहिले मी त्यानी वाट देखू. आते ते मन्ही वाट देखस."

आधी मी त्याची वाट बघायचो, आता ते माझी बघतं. आजारपणानंतर एवढं लांब वाक्य हे पहिल्यांदाच बोलले असतील.

इतके दिवस उशीर यंत्रामुळे होत होता. कामाला वेळ लागतो तर यंत्र धीमं आहे, दोन वर्षं हे त्या आडोशाला बसले होते, आणि मी नंदुरबारचा जिना चढून, सुरीनं स्क्रू काढून, तो आडोसा स्वतःच्या हातानं पाडला होता. गुरुवारी हे खुर्चीत बसायला तयार झाले नाहीत. शुक्रवारीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी शाळेत शिकवत होते आणि मनात तेच. वाटायचं, त्या जुन्या पट्ट्या परत घालून टाकाव्यात. ड्रॉवरमध्येच होत्या.

रविवारी बाबा नमुना बघायला आले. मी दारातच सांगितलं की पान अजून व्हायचं आहे. ते आत येऊन ह्यांच्या पलंगाशी बसले. ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. "व्हत नही." बाबांनी रागही दाखवला नाही आणि धीरही दिला नाही. त्यांनी विचारलं की अडचण यंत्राची आहे की हाताची. हे म्हणाले, हाताची. मग बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मग बाईना हात शेतस ना." बाईंचे हात आहेत ना.

मला राग आला. माझे हात किती ठिकाणी पुरायचे, हे त्यांना कुठे माहीत होतं. पण हे उठून बसायची धडपड करत होते. बाबांनीच आधार देऊन ह्यांना खुर्चीत आणून बसवलं.

पुढचे अठरा दिवस मी शाळेतून आल्यावर एक तास टायपिंग केलं. ह्यांनी एकेक कळ दाबून बघत मला कळफलकाचा नकाशा काढून दिला, कुठल्या कळीला कुठलं अक्षर. मी एक ओळ लिहायचे, हे बोट ठेवून चुका दाखवायचे. रफार चुकला. वेलांटी ऱ्हस्व झाली. मराठीच्या बाईंच्या चुका काढताना ह्यांना फार बरं वाटत असावं. गुजराती तर मी चित्र काढल्यासारखी काढली. नावांच्या क्रमावरून आमचं एकदा भांडण झालं. मोठ्या काकांच्या आधी मामांचं नाव गेलं, आणि ह्यांनी माउस आपटला. बरोबर ह्यांचंच होतं. नक्षी आणि गणपती ह्यांनी स्वतः बसवले, माउसनं, डाव्या हातानं. त्याला सलग तीन दिवस लागले. यंत्र कुठेही अडलं नाही.

एका संध्याकाळी तर मी टाइप करता करता कळफलकावर डोकं ठेवून झोपले. उठले तेव्हा पानावर एकच अक्षर चाळीस ओळी पसरलं होतं. ह्यांनी मला उठवलं नव्हतं. एकेक ओळ पुसत बसले होते.

पेन ड्राइव्ह शहाद्याला नेऊन दिला, पत्रिका छापून आल्या, वाटल्या गेल्या. नंतर दोघंतिघं काम घेऊन आले. त्यांना हे सरळ शहाद्याचा पत्ता सांगायचे. मला विचारलं नाही, मीही आग्रह केला नाही. मला तेवढं बळ नव्हतं.

लग्नाला ह्यांनी यायचं नाकारलं. मी एकटी गेले, पंगतीला बसले, आहेर दिला. बाबांनी चार लोकांना बोलावून पत्रिका दाखवली. मी हसून उभी राहिले आणि पाठ कधी टेकवते असं झालं होतं. घरी आले, चपला काढल्या, पदरानं घाम पुसला. हे जागेच होते. लग्न कसं झालं, जेवायला काय होतं, नवरी कशी दिसत होती, यातलं काहीच विचारलं नाही.

"लाल रंग कसा ऊना?" हे म्हणाले.

मी म्हटलं, थोडा गडद आला आहे.

ह्यांनी मान हलवली. प्रेसवाल्याची शाई नेहमीच जड असते, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. मी पुन्हा विचारलं नाही, मला ते कळलं होतं. ह्यांच्या गोळ्या काढून दिल्या आणि शेजारच्या दिवाणावर तशीच, लुगडं न बदलता, आडवी झाले.